कंटेनरमधून होस्टवरच्या पोस्टग्रेसपर्यंत: या टप्प्याची नोंद

मांडणी अशी: लिनक्स मशीनवर (हाच होस्ट) पोस्टग्रेस हा डेटाबेस थेट चालतो; आलेख दाखवणारं ग्राफाना आणि सेन्सरचे आकडे गोळा करणारं छोटं पायथन ॲप डॉकर कंपोझमध्ये, म्हणजे एका फाइलवरून एकत्र चालवलेल्या वेगवेगळ्या कंटेनरमध्ये (बंदिस्त कप्प्यांत). कंटेनर एकमेकांशी व्यवस्थित बोलत होते, होस्टवरच्या डेटाबेसशी मात्र नाही. आता तो रस्ता मोकळा झालाय.

कंटेनरला स्वतःची नेटवर्क नेमस्पेस (होस्टपासून वेगळं नेटवर्कचं जग) असते, म्हणून त्याच्या आतला १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनरच, होस्ट नव्हे. लिनक्सवर 'होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल' हे नाव आपोआप मिळत नाही. कंपोझ फाइलमधल्या एक्स्ट्रा-होस्ट्समध्ये ते होस्ट-गेटवेला जोडावं लागतं. ही सोय डॉकर २०.१० पासून आहे. जोडल्यावर नाव १७२.१७.०.१ वर उलगडलं; हा डॉकरच्या मूळ ब्रिजवरचा (कंटेनरना जोडणाऱ्या आभासी स्विचवरचा) होस्टचा पत्ता. इथवर सरळ होतं.

खरा उलगडा एररच्या शब्दांतून झाला. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा पॅकेट होस्टपर्यंत पोचलेलं असतं, पण त्या पत्त्यावर त्या पोर्टला कुणी ऐकत नसतं. 'टाइम्ड आउट' आलं तर पॅकेट वाटेत कुणीतरी गुपचूप टाकून दिलं, आणि संशय आधी फायरवॉलवर घ्यावा. फायरवॉल-डी (लिनक्सवरचं एक फायरवॉल साधन) वापरणाऱ्यांना 'नो रूट टू होस्ट' दिसू शकतं. ते राउटिंगचं दुखणं वाटतं, पण बहुधा फायरवॉलनेच दिलेला नकार असतो. या शब्दांकडे लक्ष न देता कंटेनर पुन्हा पुन्हा सुरू करण्यात काहीच हाशील नाही, असं माझं ठाम मत झालंय.

माझ्याकडे आधी, साध्या डॉकर रनने चालवलेल्या कंटेनरमधून, 'रिफ्यूज्ड' आलं. होस्टवर एसएस कमांडने ऐकणारे पोर्ट पाहिले तर पोस्टग्रेसचा ५४३२ फक्त १२७.०.०.१ वर. पोस्टग्रेसची मूळ सेटिंगच तशी असते. लिसन-ॲड्रेसेस या सेटिंगमध्ये १७२.१७.०.१ घातला आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली (नुसतं रीलोड इथे पुरत नाही). कंपोझमधल्या कंटेनरला मात्र 'टाइम्ड आउट' येत होतं. ही पुढची पायरी होती.

आता सगळ्यात रंजक भाग. यूएफडब्ल्यूमध्ये (माझ्या होस्टवरच्या फायरवॉलमध्ये) 'डॉकर०' या, डॉकरच्या मूळ ब्रिजच्या इंटरफेसवरून येणाऱ्या ५४३२ ला परवानगी होती. साध्या डॉकर रनने चालवलेला कंटेनर त्यामुळे जोडला जायचा, कंपोझमधला नाही! येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टीसीपीडंप लावल्यावर कारण दिसलं. कंपोझ प्रत्येक प्रोजेक्टसाठी स्वतंत्र ब्रिज उभा करतं. पॅकेट जात होतं १७२.१७.०.१ लाच, पण येत होतं १७२.१८ च्या सबनेटमधून (पत्त्यांच्या गटातून), 'बीआर' ने सुरू होणाऱ्या लांब नावाच्या ब्रिजवरून. एसवायएन (जोडणी सुरू करणारी पॅकेट) पुन्हा पुन्हा येत होते, उत्तर एकही नाही. ते नेटवर्क नव्याने तयार झालं की ब्रिजचं नावही बदलतं, त्यामुळे नावावर नियम लिहून उपयोग नाही. कंपोझ फाइलमध्ये सबनेट पक्कं केलं आणि यूएफडब्ल्यूचा नियम त्या सबनेटवर लिहिला.

एक लक्षात ठेवा: डॉकरने पब्लिश केलेले (बाहेरून कंटेनरपर्यंत उघडलेले) पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नेहमीच्या नियमांना वळसा घालून जातात, कारण ते फॉरवर्डच्या साखळीतून (पुढे पाठवायच्या पॅकेटसाठीच्या नियमांतून) जातात. कंटेनरकडून होस्टच्या सर्व्हिसकडे येणारी वाहतूक मात्र इनपुट साखळीत (होस्टसाठीच आलेल्या पॅकेटच्या नियमांत) येते आणि तिथे अडते. या दोन दिशा डोक्यात वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ संपतो.

यानंतर पोस्टग्रेसने स्वतः तक्रार केली की या पत्त्यासाठी एचबीए फाइलमध्ये (कुणाला कुठून जोडता येईल ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) नोंद नाही. ही एरर पाहून मला मनापासून आनंद झाला, कारण नेटवर्कचं काम संपल्याचा तो पुरावा होता. त्या फाइलमध्ये सबनेटची ओळ स्क्रॅम (पासवर्ड तपासण्याची पद्धत) लावून घातली, रीलोड केलं, ग्राफानात आलेख उमटले.

ज्या इमेजमध्ये पिंगसुद्धा नसतं तिथे काय करायचं? डॉकर इन्स्पेक्टमधून कंटेनरचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घ्या आणि एनएसएंटर या कमांडने फक्त त्याच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये शिरा. होस्टवरची सगळी साधनं तिथे वापरता येतात. इमेज बदलावी लागत नाही.

उरलेलं काम रीबूटचं. पोस्टग्रेस डॉकरच्या आधी उठला तर १७२.१७.०.१ हा पत्ताच अस्तित्वात नसतो. तो लॉगमध्ये इशारा देतो आणि फक्त लोकलहोस्टवर ऐकत राहतो. सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टीम-डीमध्ये क्रम लावून पाहणार आहे. दुसरा पर्याय म्हणजे पोस्टग्रेसच्या युनिक्स सॉकेटची (नेटवर्कऐवजी फाइलमधून जोडणाऱ्या वाटेची) डिरेक्टरी कंटेनरमध्ये माउंट करणं, मग पोर्ट, ब्रिज, फायरवॉल काहीच मध्ये येत नाही. पायथन ॲपवर आधी तोच करून बघेन.