क्वाड ४०५ : आधी गेन, मग कॅपॅसिटर, ब्रिज मात्र जसाच्या तसा

क्वाड ४०५ हा क्वाड कंपनीचा जुना पॉवर अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर. तो सुधारायला घेणारे बरेच जण थेट महागडे कॅपॅसिटर मागवतात. ते बसवूनही आवाज टोचत असेल, तर बहुतेक वेळा खरं कारण गेन, म्हणजे सिग्नल किती पटीने वाढतो ते, असतं. हा अ‍ॅम्प १९७५चा. क्वाडच्या स्वतःच्या, याच्या आधी जोडायच्या आणि व्हॉल्यूमचा नॉब असलेल्या प्रीअ‍ॅम्पला जुळावी म्हणून त्याची सेन्सिटिव्हिटी ०.५ व्होल्ट ठेवलेली आहे, म्हणजे एवढ्या इनपुटवरच ८ ओहमला पूर्ण १०० वॅट. आजचा सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल संगीताचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) २ व्होल्ट देतो. मग व्हॉल्यूमचा नॉब जेमतेम नऊच्या काट्यापर्यंत जातो, तिथे पॉटचे (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरचे) दोन चॅनेल एकमेकांशी जुळत नाहीत आणि प्रीअ‍ॅम्पची खरखर पूर्ण ५६ पटीने वाढून बाहेर येते.

उपाय चार रेझिस्टरांचा आहे. प्रत्येक चॅनेलला सिग्नलच्या वाटेत १० के (किलोओहम), आणि त्यानंतर सिग्नल व ग्राउंडमध्ये ३.९ के. दोन्ही मेटल फिल्म, १ टक्क्याचे. अ‍ॅम्पचा इनपुट २२ के आहे, तो धरून हिशेब केला तर २ व्होल्टचे बरोबर ०.५ व्होल्ट होतात. रेझिस्टर अ‍ॅम्पच्या टोकाला बसवा, म्हणजे केबलमध्ये शिरलेली खरखरही कमी होईल. सोर्सला साधारण १३ के लोड दिसतो. डॅक किंवा प्रीअ‍ॅम्पला तो जड नाही, पण निव्वळ पॉटवर चालणाऱ्या पॅसिव्ह प्रीअ‍ॅम्पला हे लावू नका. खर्चाच्या मानाने सगळ्यांत मोठा फरक याच कामाने पडतो, असं माझं ठाम मत आहे.

आता पॉवर सप्लाय. मेनचे दोन कॅपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचे असतात आणि रेल (सप्लायचा डीसी) साधारण ±५० व्होल्टची. इतक्या वर्षांनी ते बदलायलाच हवेत. झाकण उघडल्यावर २.२ के, ५ वॅटचा रेझिस्टर प्रत्येक कॅपॅसिटरच्या टोकांना दोन मिनिटं लावून ठेवा आणि मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय वाईट. ठिणगीने टर्मिनल जळतं. नवे १०,००० किंवा फार तर १५,००० मायक्रोफॅरडचे घ्या. त्याहून मोठे घातले तर चालू करताना आणि प्रत्येक सायकलला ब्रिज रेक्टिफायरवर (एसीचा डीसी करणारा भाग; शीर्षकातला ब्रिज वेगळा, तो पुढे येतो) करंटचा धक्का बसतो, त्या बदल्यात फारसं काही मिळत नाही. निगेटिव्ह रेलच्या कॅपॅसिटरचं प्लस टोक ग्राउंडला जातं. घाईत ते उलटं बसणं ही नेहमीची चूक आहे, आणि उलटा बसलेला कॅपॅसिटर फुटतो.

बोर्डावरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मूळ व्हॅल्यूचेच, १०५ डिग्रीचे घाला. जुन्या बोर्डाचा तांब्याचा ट्रॅक चटकन उचकटतो. आधी थोडं ताजं सोल्डर लावून मग पंपाने ओढा.

इनपुटचा आयसी एलएम३०१ए आहे. पुढच्या ४०५-२ मॉडेलमध्ये क्वाडनेच तिथे टीएल०७१ वापरला, त्यामुळे हा बदल निर्धास्त करावा. टीएल०७१ किंवा ओपीए१३४ घ्या, गोल पिनांच्या आयसी बेसवर. पण ३०१एला पिन १ आणि ८मध्ये बाहेरून कॉम्पेन्सेशनचा (आयसी स्थिर ठेवणारा) छोटा कॅपॅसिटर लागतो, तो काढून टाका. ओपीए१३४मध्ये त्याच दोन पिना ऑफसेट ट्रिमच्या (आउटपुटचा डीसी शून्यावर आणायच्या) आहेत, तिथे त्याचं काहीच काम नाही. पिन ४ आणि ७मध्ये, अगदी आयसीला चिकटून, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावा. याहून वेगवान आयसी शोधत बसू नका. या जागी २० किलोहर्ट्झला पूर्ण पॉवरसाठी आउटपुट बदलण्याचा १.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद एवढा वेग पुरतो. टीएल०७१ त्याच्या दहापट देतो. फार वेगवान आयसी या बोर्डावर ऑसिलेट होण्याची (सिग्नल नसतानाही आपोआप डोलत राहण्याची) भीतीच जास्त. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आयसी सहज मिळतात, पण नकलीही असतात. जाणकार दुकानातून, बिलावर घ्या.

आणि आता ज्याला हात लावायचा नाही तो भाग. पीटर वॉकर आणि मायकेल अल्बिन्सन यांच्या करंट डम्पिंग रचनेत एक छोटा क्लास ए (सतत करंट वाहत ठेवणारा) अ‍ॅम्प आवाज नेमका ठेवतो आणि मोठे ट्रान्झिस्टर नुसता करंट ओततात. त्या ट्रान्झिस्टरांना बायस (सिग्नल नसतानाही वाहणारा थोडा करंट) नाही, म्हणून तो जुळवायला फिरवायचा प्रीसेटही नाही. त्यांचं डिस्टॉर्शन चार पार्टांच्या ब्रिजमुळे रद्द होतं : ४७ ओहम, ५०० ओहम, १२० पिकोफॅरड आणि ३ मायक्रोहेन्रीची कॉइल. ४७ × ५०० × १२० पिकोफॅरड केलं की २.८२ मायक्रोहेन्री येतात, आणि कॉइल त्याच्या अगदी जवळ आहे. हा समतोल हेच या अ‍ॅम्पचं वैभव. ‘चांगला’ म्हणून तिथे वेगळ्या व्हॅल्यूचा कॅपॅसिटर घातला, किंवा कॉइल जाड तारेने नव्याने गुंडाळली, की तो बिघडतो आणि डिस्टॉर्शन परत येतं.

एका वेळी एकच चॅनेल करा, म्हणजे दुसरा तुलनेला मूळ स्थितीत राहतो. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये ६० वॅटचा पिवळा बल्ब लावा, एलईडी नको. तो क्षणभर पेटून मंद झाला पाहिजे. तेजच राहिला तर ताबडतोब बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे किंवा कॅपॅसिटर उलटा आहे. स्पीकर अजून जोडू नका. सुरुवातीच्या बोर्डांवर स्पीकरला डीसीपासून वाचवणारी व्यवस्था नसते. इनपुट शॉर्ट करून आउटपुटचा डीसी मोजा : १०-२० मिलिव्होल्ट ठीक, ५०च्या वर गेला तर आयसी आणि त्याच्या भोवतीचे सांधे तपासा. सिग्नल नसताना हीटसिंक तापत असेल तर ऑसिलेशनचा संशय धरा. मीटरवर ते बहुधा दिसणार नाही. ८ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर लावून ऑसिलोस्कोपवर बघा. सगळं नीट असेल तर अर्धा तास चालू ठेवून डीसी पुन्हा मोजा, आणि मगच स्पीकर जोडा, आधी एखादा जुना.