पाच रिकामी टेबलं

लिमय, बुधवार, रात्रीचे अकरा

पोट भरलंय, तरी झोप नाही. कालचंच डोक्यात घोळतंय.

फ्रान्समधल्या ह्या गावाचं नाव लिमय. स्पेलिंग भलतंच आहे, पण उच्चार ऐकला की आपले लिमये आठवतात. दोर्दोन्य आणि वेझेर नद्यांचा इथे संगम, दोघींवर एकेक पूल आणि वर चढत गेलेली पिवळट दगडी घरं. आठवडाभर काही करायचं नाही, गावातल्या छोट्या हॉटेलांत जेवायचं, एवढंच ठरवून आलो. सोमवारी पोचलो तर बहुतेक ठिकाणांची साप्ताहिक सुट्टी. ठीक. काल दुपारी ब्यूगच्या आठवडी बाजारात रेंगाळलो, परत येईतो सव्वादोन. इथे दोनला स्वयंपाकघर बंद. तेही ठीक.

पण संध्याकाळी साडेसातला चढावरच्या त्या छोट्या हॉटेलात बाईंनी दारातच अडवलं. "कॉम्प्ले." म्हणजे भरलंय. मी आत मोजलं. आठ टेबलं, तीनच भरलेली. बाकीच्या पाचांवर नुसत्या घड्या घातलेल्या नॅपकिन्स.

खोलीवर येऊन ब्रेड, अक्रोड आणि बॅगेच्या तळाशी उरलेला चिवडा खाल्ला. पाच टेबलं! माझा चेहरा बघून का? स्वेटरवर घातलेला कुर्ता बघून? की मी आधी 'बोंजूर' न म्हणता थेट दोन बोटं दाखवली म्हणून? ह्याचं म्हणणं, बुकिंग लागत असेल. ह्याला कशाचंच काही वाटत नाही. तो वेगळा विषय आहे. हा घोरायला लागला तरी मी ती टेबलं मोजतच होते. एवढे पैसे जमवून, एवढ्या वर्षांनी आलो आणि दारातून परत. रडूसुद्धा आलं थोडं. आईला फोनवर मात्र 'छान जेवलो' म्हटलं.

आज सकाळी अकराला हट्टानं परत तिथेच. बाई दाराबाहेर पाटीवर खडूनं आजचे पदार्थ लिहीत होत्या. बोटांना खडू, खांद्यावर फडकं. 'बोंजूर मादाम' म्हटलं, मग दोन बोटं. त्यांनी खिशातून वही काढली, आडनाव विचारलं, स्पेलिंगला दोनदा थांबल्या, शेवटी नुसतं 'एंद' लिहिलं. भारत.

संध्याकाळी कळलं की वाढायला त्या एकट्याच आहेत आणि आत रांधायला एक माणूस. टेबल एकदा दिलं की रात्रभर त्याच माणसांचं. शेजारचे आजीआजोबा दहाला आमच्यानंतर उठले, तेही अनिच्छेनं. आठ टेबलं म्हणजे आठच. साडेआठचं टेबल साडेसातला रिकामं दिसणारच की.

हे मला कळायला फ्रान्स कशाला लागावं? दिवेआगरला आत्याकडे सकाळी ताटं सांगितली नसतील, तर दुपारी दारात आलेल्या मुंबईकरांना ती "संपलं हो" म्हणायची. पडवीतली बाकं रिकामी असायची. ते "बाकं तर मोकळी आहेत" म्हणाले, की मी आणि बंड्या दाराआड फिदीफिदी हसायचो. नारळ खवणारी ती एकटी, मोदक मोजून केलेले. आत्याला हे सांगायला हवं होतं. असो.

जेवण? कोमट बकरीचं चीज आणि अक्रोड घातलेलं सॅलड फार सुंदर. नळाच्या पाण्याची सुरई न मागता आली, फुकट. मग लसूण घातलेले खरपूस बटाटे. बटाटेच आहेत म्हणून निर्धास्तपणे अर्धे संपवले, तेव्हा ह्यानं फोनवर वाचून दाखवलं की ते बदकाच्या चरबीत परततात. थोडा वेळ काटा हातात तसाच राहिला. उरलेले अर्धे का सोडायचे, असा विचार केला. आईला हेही सांगायचं नाही.

सव्वाआठला दारात एक जोडपं आलं. "कॉम्प्ले," बाई म्हणाल्या. त्या बाईची नजर आमच्या शेजारच्या तीन रिकाम्या टेबलांवरून फिरली. दोघंही गोरी होती. हे मी मुद्दाम बघितलं, आणि बघितलं म्हणून कान तापले. मग तिची नजर माझ्याकडे वळली, तशी मी घाईनं ब्रेडला लोणी लावायला घेतलं.