हात आधी, आवाज मागून

दादरला माझा एडिटिंगचा छोटा गाळा आहे. हल्ली काम येतं ते बहुतेक मोबाइलवर शूट केलेलं, पण लोकांची कपाटं आवरून झाली की जुन्या डीव्हीडी बाहेर निघतात आणि त्यातल्या काही माझ्यापर्यंत पोचतात. मागणं ठरलेलं: "सगळ्याची मिळून एक फाइल करा, मग आपण कापू." सांगणाऱ्याला वाटतं, दहा मिनिटांचं काम. कधीकधी असतंही.

त्या दिवशी रत्नागिरीकडच्या एका गावाच्या मुंबई मंडळाचे सरचिटणीस आले. 2008 साली परळच्या दामोदर हॉलमध्ये मंडळाने बहुरंगी नमन, म्हणजे कोकणातला लोकनाट्याचा प्रकार, केलं होतं, त्याच्या तीन डीव्हीडी. वर्धापनदिनाला त्यातली चाळीस मिनिटं पडद्यावर दाखवायची होती. शूटिंग करणाऱ्याने टेपा पुन्हा वापरल्या, दुकानही बंद केलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. म्हणजे उरलं ते या तीन डिस्कवर. सोबत एक वयस्कर बुवा होते, त्या प्रयोगाचे मृदंगमणी, म्हणजे मृदंग वाजवणारे. आणि सरचिटणिसांचा भाचा, ज्याने एक प्रयत्न आधीच करून पाहिला होता.

त्याचा पेनड्राइव्ह लावला. डझनभर एमपीफोर. पहिल्या फाइलमध्ये गुलाबाच्या पाकळ्या पडतायत आणि तेच ते संगीत फिरून फिरून वाजतंय. तो डीव्हीडीचा मेन्यू होता. पुढे प्रत्येक सांध्यावर उचकी. नमनातला संकासुर उडी मारतो तेव्हा अंगाच्या कडेला कंगव्याचे दात. आणि सगळे कलाकार जरा बारीक झालेले.

"मामा, कन्व्हर्टरनेच तसं केलं," भाचा म्हणाला. खरं होतं ते. डीव्हीडीवरचं चित्र-आवाज ज्या व्हीओबी फाइलींत असतं, त्यातल्या एकेकीला 1 जीबीची मर्यादा असते, म्हणून सलग चित्रीकरण मापाने तोडून ठेवलेलं असतं, अर्थाने नव्हे. गवळणीतली मावशी बोलायला तोंड उघडते आणि शब्द पुढच्या फाइलमध्ये. हे तुकडे सुटेसुटे कन्व्हर्ट केले तर प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट थोडा थोडा गळतो, आणि मग कितीही चिकटवा, सांधा दिसतोच. म्हणून तुकडे हातात घ्यायचेच नाहीत. आधी अख्ख्या डिस्कची एका फाइलमध्ये हुबेहूब प्रत, म्हणजे आयएसओ, काढायची, मग त्यातला मुख्य टायटल, म्हणजे मेन्यू सोडून खरं चित्रीकरण, मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने सलग उचलायचा. चित्र पुन्हा दाबलं जात नाही, जसंच्या तसं एका फाइलमध्ये येतं. दुकानदाराने बर्न केलेल्या डिस्कला सिनेमाच्या डीव्हीडीसारखं कुलूप नसतं, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

पहिल्या दोन डिस्क चहा संपायच्या आत निघाल्या. तिसरी अडली.

तिच्यावर गोल कागदी स्टिकर होता, गणपती आणि मंडळाचं नाव छापलेला. दिसायला छान. पण कागद दमट हवेत ओलावा धरतो, एका बाजूने आक्रसतो, डिस्क किंचित वाकते आणि वेगाने फिरताना थरथरते. सोलायला जाऊ नये. सोलताना चकतीचे थर सुटू शकतात. खालून दोन ओरखडे होते. केंद्राकडून कडेकडे जाणारा ओरखडा तितका वाईट नाही, प्रत्येक फेऱ्यात थोडंसंच नुकसान होतं आणि डिस्कवरच साठवलेला चूक-दुरुस्तीचा कोड ते भरून काढतो. फिरण्याच्या दिशेने, वर्तुळात गेलेला मात्र सलग माहिती खातो. यातला एक तसाच होता.

लॅपटॉपच्या बारक्या यूएसबी ड्राइव्हने हात टेकले. माझ्याकडे लॅमिंग्टन रोडवरून आणून ठेवलेला जुना डेस्कटॉपचा ड्राइव्ह आहे. ग्राहक हसतात त्याला, पण एकाला न वाचता आलेलं सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या माहितीचा छोटा तुकडा, दुसरा कित्येकदा वाचतो. वेग अगदी कमी केला आणि खराब डिस्कवरून माहिती वाचवणारा जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम लावला. तो अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही; आधी सोपं सगळं उचलतो, काय राहिलं त्याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतो आणि मग राहिलेल्याकडे वळतो. प्रत्येक सेक्टर 2048 बाइटचा. दुपारपर्यंत राहिलेला आकडा खाली खाली आला आणि एका ठिकाणी थांबला. मंडळी तोवर जेवून परत आली होती.

त्या प्रतीतून सलग फाइल काढून टाइमलाइनवर टाकली. चित्र दोनतीनदा फुटलं आणि पुढे चालू झालं. सरचिटणीस खूश. माझी नजर लांबीवर होती: चित्राचा पट्टा आवाजाच्या पट्ट्यापेक्षा आखूड. फरक सगळा शेवटी आहे की मध्येमध्ये वाटला गेलाय, हे वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, बघून काढता येतं, पण वेळ खातं. शेजारी मृदंगमणी बसलेले असताना ते कशाला? मी हेडफोन त्यांना दिले आणि म्हटलं, बुवा, फक्त हात बघा.

पहिल्या फुटलेल्या जागेपर्यंत ते गप्प होते. तिच्यानंतर चार मात्रा गेल्या असतील, बोट वर झालं. "थांबव. हात आधी पडतोय न् आवाज मागनं येतोय." पुढची फुटलेली जागा गेली. "आता अजून मागं गेला." पडद्यावर हात केवढा, तर नखाएवढा; शूटिंगवाल्याने अख्खा रंगमंच धरला होता. मला नुसतं चित्र पाहून ते कळलं नसतं. नाचणाऱ्यांच्या पायातल्या चाळांवरूनही बुवांनी तेच सांगितलं: पाय टेकल्यावर चाळ वाजतायत.

कारण असं. डीव्हीडीवरचं चित्र ज्या पद्धतीने दाबलेलं असतं त्या एमपीईजी-2 मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. साधारण बारा फ्रेमच्या गटात एकच फ्रेम स्वतःच्या पायावर उभी असते, बाकीच्या तिच्या उधारीवर जगतात. ती गेली की सगळा गट बुडाला. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद चित्र गायब. आवाजाचं तसं नाही. डॉल्बी डिजिटल या आवाजाच्या पद्धतीतला एक तुकडा 32 मिलिसेकंदांचा असतो आणि बराचसा स्वतंत्र असतो, त्यामुळे त्याच ओरखड्यात आवाज थोडासाच मरतो. मग सॉफ्टवेअरने उरलेल्या फ्रेम नुसत्या एकापुढे एक लावल्या की चित्र पुढे सरकतं आणि आवाज होता तिथेच राहतो. प्रत्येक ओरखड्याला आणखी थोडं.

उपाय आवाज सरकवण्यात नाही. एका जागी जुळवलात तर दुसऱ्या जागी बिघडतं. एफएफएमपीईजी या कन्व्हर्ट करणाऱ्या प्रोग्रामला सांगायचं की मूळ फाइलमधल्या वेळेच्या खुणा पाळ, सेकंदाला फ्रेम मोजून दे, आणि जिथे फ्रेम नाही तिथे मागची धरून ठेव. त्याच फेरीत मी दोन कामं उरकली. इंटरलेस, म्हणजे दोन अर्धी चित्रं एकमेकांत विणलेली असतात ते (त्याचेच ते कंगव्याचे दात), काढलं, पण 25 नव्हे, 50 फ्रेम ठेवून, कारण पालमध्ये सेकंदाला 50 अर्धी चित्रं असतात आणि त्यातली निम्मी फेकली की नाचाची लय चित्रात तुटक दिसते. आणि माप: डिस्कवर 720 बाय 576 असतं, त्यातले पिक्सेल चौरस नसतात, चार-तीनच्या चौकटीत ते 768 रुंद दिसायला हवं. भाच्याच्या फाइलमध्ये सगळे बारीक झाले ते यामुळे. शेवटी तिन्ही भाग एकामागोमाग लावून प्रोरेस या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये एक फाइल. ती मूळ डिस्कपेक्षा कितीतरी मोठी होते, पण तिथे प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, कुठेही कापा. एमपीफोर करून मग एडिट करायला बसणाऱ्यांना मी हे सांगून थकलोय.

पुन्हा हेडफोन. बुवांनी शेवटपर्यंत बोट वर केलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "हितं मी चुकलोय. ते तुमचं नाय, माझं."

मग खरं भांडण सुरू झालं. धरून ठेवलेल्या फ्रेमच्या जागी चित्र गोठतं आणि त्यातली सगळ्यात मोठी जागा गवळणीत, बुवांच्या तोड्यावर होती. मी दुसरीकडचा प्रेक्षकांचा शॉट झाकायला टाकला. बुवा म्हणाले, टाळ्या वेगळ्या ठेक्यावर पडतायत. वादकांचा शॉट टाकला. त्यात तर त्यांचे स्वतःचेच हात! सरचिटणीस म्हणाले, "बुवा, वर्धापनदिनाला कोण बघणार एवढं?" बुवांनी उत्तर दिलं नाही, नुसते बघत राहिले. शेवटी प्रयोगाच्या सुरुवातीचा, मागच्या पडद्यावरच्या मंदिराचा एक स्थिर शॉट सापडला, ज्यात कुणीच हलत नाही. तो लावला. वाद मिटला, पण बुवांना तो पटलेला नव्हता.

निघताना हार्ड डिस्कवर तिन्ही आयएसओ, मेकएमकेव्हीच्या सलग फाइली आणि कापलेली चाळीस मिनिटं असं सगळं दिलं. तिसऱ्या डिस्कच्या आयएसओची एक प्रत आणि मॅप फाइल मात्र माझ्याकडे ठेवून घेतली, आणि सरचिटणिसांना म्हटलं, तेव्हा गावातल्या आणखी कुणी प्रती घेतल्या असतील तर विचारा. एकाच मास्टरवरून बर्न झालेल्या दोन डिस्क असतील तर दोन्हीच्या खराब जागा सहसा वेगवेगळ्या असतात. डीडीरेस्क्यूला तीच अपुरी आयएसओ आणि तोच मॅप दिला की तो दुसऱ्या डिस्कवरून फक्त भोकं भरतो.

त्यांनी गाळ्यातूनच मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. रात्री नालासोपाऱ्याहून फोन आला, एका घरात पूर्ण सेट आहे. रविवारी आणून देतायत. स्टिकर आहे का म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "आहे ना, गणपतीचा, एकदम छान आहे."