फक्कीच्या रेघेतले वीस सेंटिमीटर

नाशिकच्या पाथर्डी शिवारातला प्लॉट बाबांनी १९९४ साली घेतला, पण घर बांधायचं राहून गेलं. गेल्या दिवाळीत आई म्हणाली, "आता माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे." तेव्हापासून सातबारा आणि मोजणीच्या नकाशाची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये कायम असते.

ताईनं एकच अट घातली. मंजूर नकाशाबाहेर एक वीटही जायची नाही. नाशिककरांना 'कपाट' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. जुन्या नियमात कपाटाची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशेबात, धरत नसत. मग नकाशात कपाट दाखवायचं आणि प्रत्यक्षात ती जागा खोलीत घ्यायची, असं कित्येक इमारतींत झालं. ताईची इमारत त्यातलीच. बांधकाम नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याचा, म्हणजे पूर्णत्वाचा दाखला वर्षानुवर्षं अडकला. तिनं फ्लॅट विकायला काढला, तर घेणाऱ्याच्या बँकेनं सगळ्यात आधी तोच दाखला मागितला आणि ठरलेला व्यवहार मोडला. चूक बिल्डरची, रात्री झोप उडाली ताईची.

आमच्या फाइलची सुरुवात वारस नोंदीपासून झाली. बाबांच्या जागी आई, ताई आणि मी अशी नावं लागल्याशिवाय अर्जदार कोण हेच ठरत नव्हतं. मग मोजणीची क प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा, शेतजमिनीवर बांधकाम करू देणारा अकृषिक आदेश, मंजूर ले-आउट. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली बांधकाम परवानगीचा अर्ज जातो आणि त्यावर निर्णय द्यायला कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे. सगळं ऑनलाइन, आर्किटेक्टमार्फत. राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेत, मला दोनदाच जावं लागलं. विकास शुल्काची तयारी होती. बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर मात्र आमच्या हिशेबात नव्हता, तो तुम्हाला लागू होतो का ते आधीच विचारून घ्या.

शेजारचे काका म्हणाले, "आता लहान प्लॉटला परवानगी लागतच नाही." हे अर्धंच खरं आहे आणि म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवान्याची वाट पाहावी लागत नाही, पण नियमात बसणारा नकाशा आर्किटेक्टच्या सहीनं दाखल करावाच लागतो, शुल्क भरावं लागतं, आणि त्याची पावती हीच परवानगी ठरते. आमचा प्लॉट ३२० चौरस मीटरचा, त्यामुळे आम्हाला ती वाट नव्हतीच.

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे आमची परवानगी, हातात आलं त्या दिवशी आईनं ते देवापुढे ठेवलं. मला वाटलं, झालं सगळं.

आखणी झाली, फक्की मारली, खड्डे खणायला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट मॅडम टेप घेऊन आल्या. पूर्वेकडून मोजलं. पुन्हा मोजलं. हद्दीपासूनचं अंतर नकाशात दाखवलेल्यापेक्षा वीस सेंटिमीटर कमी. मिस्त्रींनी शेजारच्या कंपाउंडची भिंत हीच आमची हद्द धरली होती, आणि ती भिंत मोजणीच्या खुणेपलीकडे, शेजाऱ्यांच्या बाजूला सरकलेली होती. मॅडमनी गवत बाजूला करून हद्दीचा दगड दाखवला, त्यावरची माती पायानं सरकवली, दोरी धरली. तेव्हा मलाही दिसलं.

"ताई, वितभरानं काय होतंय? कोण बघायला येतंय?" मिस्त्री मला म्हणाले. माणूस चांगला आहे, काम नेटकं करतो. पण मी नाही म्हटलं. तीन खड्डे बुजवून पुन्हा खणले. दीड दिवस गेला, मजुरी गेली. हेच जोतं झाल्यावर कळलं असतं, तर कॉलम तोडावे लागले असते, नाहीतर दाखल्याच्या वेळी आम्हीही ताईच्या रांगेत उभे असतो. जोत्याला मॅडमनी पुन्हा टेप लावली, आकडे नकाशाशी जुळले, मगच त्यांनी सही केली.

काम सुरू झालं नाही, तर प्रारंभ प्रमाणपत्र एकच वर्ष टिकतं, पुढे दर वर्षी मुदतवाढ घ्यावी लागते. आम्ही ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली होती.

आता भिंती खिडकीच्या खालपर्यंत आल्यात. आईला मागच्या बाजूला धुण्याची जागा झाकून हवी आहे, पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून. एक पत्रा टाकला की झालं, असं मिस्त्रींचं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, सुधारित नकाशा टाकावा लागेल, पुन्हा शुल्क, पुन्हा थांबणं. आई दोन दिवस नाराज होती. काल तिनंच विचारलं, सही कुठे करायची.