दुखत नव्हतं, तिथंच फसलो

सहा वर्षांपूर्वी वरच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल करून कॅप बसवली आणि त्या दाढेला विसरून गेलो. गेल्या दिवाळीत तिच्या वर हिरडीवर तांदळाएवढी पुटकुळी आली. फुटली की तोंडात खारट चव, मग आठ दिवस काही नाही. दुखत नव्हतं. नसच काढलेली, दुखणार काय? मिठाच्या गुळण्या, मेडिकलमधून स्वतःच्या अकलेनं आणलेल्या गोळ्या, असे चार महिने घालवले. गोळ्यांनी बसायची, परत यायची.

शेवटी बायकोनं राजारामपुरीत एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या रूट कॅनालचंच काम करतात. त्यांनी पुटकुळीच्या भोकातून एक बारीक मऊ काडी आत सरकवून एक्स-रे काढला. काडीचं टोक थेट दाढेच्या मुळाशी! "बघा काका, पू इथनं येतोय." मग सीबीसीटी, म्हणजे दाताचा थ्री-डी स्कॅन. गालाकडच्या पुढच्या मुळात नसेच्या दोन नळ्या होत्या, आधी भरलेली एकच. वरच्या पहिल्या दाढेत ही जादा नळी बऱ्याच जणांना असते, आणि साध्या एक्स-रेत ती शेजारणीमागं लपते. हे ऐकून आधीच्या डॉक्टरांवरचा माझा राग निम्मा उतरला.

भाऊ म्हणाला, "काढून टाक की दाढ, एवढं काय त्यात!" बाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, दाढ वाचू शकते, पण शंभर टक्के खात्री नाही, नाहीच जमलं तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापावं लागेल. मी वाचवायचं ठरवलं.

पहिली बैठक दीड तासाची. भुलीचं इंजेक्शन, दाढेभोवती ताणलेलं निळं रबर, मग कॅप कापली. जुना भराव फायलींनी, म्हणजे कानशीसारख्या बारीक सुयांनी, ओढून काढताना दुखलं नाही, पण जबडा उघडा ठेवून मान आखडली. नळ्या धुताना पाण्याच्या टाकीत टाकायच्या क्लोरीनसारखा वास. चुकलेली नळी मायक्रोस्कोपखाली सापडली तेव्हा बाईंचाच आवाज चढला, "मिळाली!" आत कॅल्शियमचं औषध भरून वर तात्पुरतं सिमेंट लावलं. दोन दिवस ठणका होता. दहाव्या दिवशी पुटकुळी बसली. दोन आठवड्यांनी नळ्या कायमच्या भरल्या, नंतर नवी कॅप. जुन्या कॅपचे पैसे गेले ते गेलेच.

सहा महिन्यांनी एक्स-रेत मुळाजवळची हाड झिजल्याची काळी सावली बरीच लहान झालेली दिसली, गेलेली नाही. हाड भरायला वेळ लागतो म्हणे. पुढचा एक्स-रे मार्चमध्ये. तोवर मटणाचं हाड डाव्या बाजूनंच.