घाई नेमकी कुठली?

आज प्रभागात फिरताना एका काकांनी अडवलं. "एक देश, एक निवडणूक, तुमचं मत काय?" म्हटलं, काका, डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या त्या विधेयकात लोकसभा आणि विधानसभा आहेत, महापालिका नाहीत. खर्च वाचेल, मान्य. पण राज्यात २०२० पासून एकेका महापालिकेवर प्रशासक बसत गेले, तेव्हा कुणालाच घाई नव्हती! मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं घटनेत स्वच्छ लिहिलंय. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, खरं आहे. तरी शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच सांगावं लागलं, चार महिन्यांत घ्या. (ते चार महिनेही पाळले गेले नाहीत.)

त्या काळात गटार तुंबलं की लोक माझ्याच दारात यायचे. मी माजी नगरसेवक. ना सही, ना निधी. फोन करायचो अधिकाऱ्यांना, उचलला तर उचलला.

जातनिहाय जनगणनेवरही विषय निघाला. माझं मत सरळ आहे: व्हावी. ओबीसी आरक्षणाचं घोडं आकड्यांवरच तर अडलं होतं.

काकांना माझं फारसं पटलं नाही. पाण्याच्या लाइनची तक्रार मात्र लिहून दिलीय, उद्या सकाळी वॉर्ड ऑफिसला जातोय.