इन्सब्रुक : सोनेरी छपरामागची चांदी

म्युनिकहून रेल्वेने दोन तासांच्या आत इन्सब्रुक येतं. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताची ही राजधानी बरेच टूरवाले दुपारच्या थांब्यात उरकतात. तसं करू नका. निदान दोन रात्री राहा आणि एक अख्खा दिवस शेजारच्या श्वाझ आणि हाल या गावांना द्या.

कारण हे शहर उभं राहिलं ते वाटेवर आणि चांदीवर. आल्प्स ओलांडायच्या मोठ्या खिंडींमध्ये ब्रेनर सर्वांत कमी उंचीची, जेमतेम १३७० मीटर. व्हेनिस आणि ऑग्सबुर्ग यांच्यातला माल इथूनच जायचा आणि जकात इथे पडायची. १४२०मध्ये ड्यूक फ्रिडरिकने दरबार मेरानहून इथे आणला. पुढे श्वाझच्या खाणींतून चांदी आणि तांबं निघू लागलं, १४७७मध्ये टांकसाळ हालला आली आणि याच धातूच्या तारणावर ऑग्सबुर्गचे फुगर सावकार ऑस्ट्रियाच्या हॅब्सबुर्ग राजघराण्याला कर्ज देत गेले.

म्हणून आधी श्वाझची खाण बघा. लोकल रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता. छोट्या गाडीतून ८०० मीटर डोंगराच्या पोटात नेतात. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, स्वेटर हवाच. परतताना हालची टांकसाळ. मग संध्याकाळी इन्सब्रुकच्या जुन्या भागात हॅब्सबुर्ग सम्राट माक्सिमिलियानच्या सज्जावरचं ते सोनेरी छप्पर बघा. सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे २६५७ पत्रे! त्यामागचा पैसा आता दिसू लागतो. जवळच दरबारी चर्चमध्ये त्याच्या समाधीभोवती २८ भव्य ब्राँझचे पुतळे उभे आहेत. समाधी मात्र रिकामी, तो पुरला गेला वीनर नॉयश्टाटला. मला सगळ्या शहरात हीच जागा सर्वांत भारावणारी वाटली.

आजची कमाई पर्यटनाची आणि १६६९पासूनच्या विद्यापीठाची. १९६४ आणि १९७६च्या हिवाळी ऑलिंपिकने स्कीइंगचं नाव जगभर नेलं. ब्रेनरची वाट मात्र अजून तितकीच गजबजलेली; ट्रकांचा भार रेल्वेवर वळवायला खिंडीखालून ५५ किलोमीटरचा बोगदा बांधला जात आहे.

इन्सब्रुक कार्ड हा पर्यटकांचा पास घेतलात तर शहरामागच्या नॉर्डकेट डोंगरावरच्या केबलकारची एक फेरी त्यात येते. ती आकाश निरभ्र असेल त्या दिवसासाठी राखा. जोराचा दक्षिण वारा सुटला तर केबलकार बंद ठेवतात. रविवारी दुकानं बंद, खाऊ शनिवारीच घ्या. शाकाहारी असाल तर टिरोलच्या क्नोडलमध्ये, म्हणजे पावाच्या उकडलेल्या गोळ्यांमध्ये, डुकराचं मांस असतं हे ध्यानात ठेवा आणि पालकाचे किंवा चीजचे मागा.